अंग आणि अंगण

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे की, तिच्यातील अंगणाकडे वळून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. म्हणीचा रोख स्पष्ट आहे. स्वतःच्या उणिवेचे खापर परिस्थितीवर फोडणाऱ्याची ती थट्टा करते. अशी माणसे असतात, म्हणून ती म्हण टिकलीही आहे. परंतु तिने एक गोष्ट तपासल्यावाचून गृहीत धरली आहे, ती म्हणजे अंगण सरळच असणार. ते खरोखरच वाकडे असेल, त्यात खड्डे असतील, एका अंगाला ते कललेले असेल, तर नाचणाऱ्याची तक्रार ही सबब न राहता साक्ष ठरेल. ही शक्यता म्हणीच्या मनात येत नाही.

शरीराची वा मनाची एखादी उणीव घेऊन जगणाऱ्या माणसाकडे समाज कसा पाहतो, याचा विचार करताना ही म्हण आठवावी अशी आहे. घर, रस्ता, शाळा, कचेरी, पुस्तक, नाणे यांची घडण ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक देह होता. तो दोन पायांनी चालणारा, दोन डोळ्यांनी पाहणारा, हाक मारताच वळून बघणारा असा होता. त्याहून निराळा देह दारात येऊन थबकला की दोष कोणाचा, अंगाचा की अंगणाचा, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर पुष्कळदा विचारापूर्वीच भाषेने देऊन ठेवलेले असते.

लोकभाषेतील शब्द रोखठोक आहेत. आंधळा, बहिरा, मुका, लंगडा, पांगळा, थोटा ही सर्व मुळात विशेषणे. पण व्यवहारात त्यांची नामे होतात. ‘उंच मुलगा’ म्हटल्यावर उंची सांगूनही मुलगा शिल्लक उरतो. ‘आंधळा आला’ म्हटल्यावर मात्र येणाऱ्याचे नाव, वय, गाव, विद्या, स्वभाव हे सारे त्या एका शब्दाखाली झाकले जाते. शिवाय हे शब्द माणसांपाशी थांबत नाहीत. सबब लंगडी असते, समर्थन पांगळे असते, कारभार आंधळा असतो आणि सरकार बहिरे असते. जे जे त्याज्य, जे जे तकलादू, त्याचे वर्णन करण्यासाठी भाषेने उणीव असलेले देह उसने घेतले आणि ते परत केले नाहीत.

या उसनवारीत कधी कधी मोठी विसंगती दडलेली असते. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द महाराष्ट्रातील विवेकवादी चळवळीचा परवलीचा शब्द आहे. पारखून न घेतलेली, पुढचे मागचे न पाहता पत्करलेली श्रद्धा असा त्याचा अर्थ होतो. परंतु पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारा अंध माणूस कसा चालतो, हे पाहिले म्हणजे ही उपमा उलटी पडते. तो एकही पाऊल पारखल्यावाचून टाकीत नाही. काठीच्या टोकाने जमीन चाचपतो, वाहनांचा आवाज कोणत्या दिशेने येतो ते ऐकतो, मगच पुढे सरकतो. डोळसपणे चालणारी माणसेच पुष्कळदा न पाहता पाय टाकतात. शब्दाने ज्या देहाला अविवेकाचे प्रतीक बनविले, तो देह प्रत्यक्षात सावधपणाचा धडा देतो.

मुलांच्या खेळांतही हेच देह आहेत. लंगडी घालणारे मूल डाव संपताच दोन्ही पायांवर धावते; आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी थोड्याच वेळात सुटते. वास्तुरचना आणि अभिकल्प शिकविणाऱ्या काही संस्थांत विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना इमारतीत फिरविण्याचा पाठ असतो. त्यामागील हेतू चांगला असला तरी तो खेळच ठरण्याचा संभव असतो. पट्टी बांधलेल्याला भीती कळते. वर्षानुवर्षे न पाहता वावरणाऱ्याचे कसब कळत नाही. ते कसब ज्याच्यापाशी आहे त्याला विचारणे हाच त्यावरील उपाय. पण विचारण्यासाठी समोरचा मनुष्य जाणकार वाटावा लागतो, आणि भाषेने त्याला आधीच बिचारा ठरविलेले असते.

अवहेलनेच्या शब्दांबरोबर भाषेने गौरवाचे शब्दही घडविले. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी बालपणीच गेली. त्यांच्या विपुल ग्रंथरचनेमुळे ते ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून ओळखले गेले. गुजरातीतील थोर जैन पंडित सुखलाल संघवी सोळाव्या वर्षी देवीच्या आजाराने अंध झाले. १९५८ साली ‘दर्शन अने चिंतन’ या ग्रंथासाठी त्यांना साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्याही नावामागे हीच उपाधी लागते. शब्द सुंदर आहे आणि या दोघांना तो शोभतोही. मात्र तो असामान्यांसाठी आहे. ज्याच्यापाशी अलौकिक प्रज्ञा नाही, ज्याला केवळ बँकेत खाते उघडायचे आहे किंवा रेल्वेचा योग्य डबा शोधायचा आहे, त्या सामान्य अंध माणसासाठी भाषेने उपहास आणि देवत्व यांच्यामधली जागा मोकळीच ठेवली.

राज्यसंस्थेच्या भाषेतही हाच झोका दिसतो. १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्तींच्या समान संधीसाठी पहिला व्यापक कायदा केला, तेव्हा त्याच्या हिंदी नावात ‘निःशक्त व्यक्ति’ असा शब्दप्रयोग होता. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला, आणि पुढील वर्षी संमत झालेल्या कायद्याचे हिंदी नाव ‘दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६’ असे झाले. एकवीस वर्षांत जो शक्तिहीन होता तो दिव्य झाला. इंग्रजी नावात मात्र दोन्ही वेळा, थोड्याफार फरकाने, उणीव असलेली व्यक्ती एवढाच अर्थ राहिला. महाराष्ट्रातही सरकारी फलकांवरील ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. २०२२ च्या डिसेंबरात राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला.

नव्या शब्दाने अनेकांना दिलासा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. ज्या शब्दाने आयुष्यभर चिडविले गेले तो सरकारी कागदावरून निघून जाणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या अनेक संघटनांनी त्यावर आक्षेप घेतला, त्यातही तथ्य आहे. ‘दिव्य’ म्हटल्याने जिना बुटका होत नाही. देवत्व बहाल केलेल्या माणसाकडून सोशिकपणाची अपेक्षा वाढते, आणि हक्क मागणारा देव कोणालाच रुचत नाही. शिवाय निःशक्त काय, विकलांग काय आणि दिव्यांग काय, तिन्ही शब्दांचे बोट माणसाच्या अंगाकडेच राहते. अंगण तिन्हींत नाही.

उलट दिशेचे एक उदाहरणही ध्यानात घेण्याजोगे आहे. कुष्ठरोगाला मराठीत ‘महारोग’ म्हणत, आणि ‘महारोगी’ या शब्दासरशी माणूस गावाबाहेर जाई. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याला जे काम उभे केले त्या संस्थेचे नाव मात्र ‘महारोगी सेवा समिती’ असेच राहिले. शब्द जुना, भेदक. पण तेथे शेती, कारखाने, शाळा, वसाहत यांची रचना अशी झाली की बोटे झडलेल्या हातांना करता येण्याजोगे काम मिळावे. बदलले ते आवार, आणि त्या आवाराला ‘आनंदवन’ हे नाव मिळाले. माणसांऐवजी जागेचे नामकरण करणारी ती दृष्टी भाषेच्या अंगानेही विचार करण्यासारखी आहे.

शब्दांचा परिणाम केवळ भावनेवर होतो असे नाही. मोजदादही त्यांच्यावर अवलंबून असते. १९८१ च्या जनगणनेत ‘पूर्णतः’ अंध, ‘पूर्णतः’ पांगळे आणि ‘पूर्णतः’ मुके कोण, अशा धर्तीची विचारणा होती. देशभरात अशी सुमारे ११ लाख माणसे भरली. १९९१ मध्ये हा प्रश्नच नव्हता. २००१ मध्ये पाहणे, बोलणे, ऐकणे, हालचाल आणि मनोव्यापार या पाच क्रियांना धरून प्रश्न विचारला गेला, तेव्हा संख्या २ कोटी १९ लाखांच्या आसपास गेली. २०११ मध्ये ती २ कोटी ६८ लाख झाली. वीस वर्षांत देशातील अपंगत्व काही वीसपट वाढले नव्हते. ‘पूर्णतः’ हा एक शब्द गळाला आणि त्याच्याआड लपलेली माणसे दिसू लागली. जी माणसे मोजली जात नाहीत त्यांच्यासाठी शाळेत फळा मोठा होत नाही, की बसची पायरी खाली येत नाही.

येथे मराठीच्याच व्याकरणाकडे वळावेसे वाटते. ‘तो आंधळा आहे’ हे एक वाक्य आणि ‘त्याला दिसत नाही’ हे दुसरे. पहिल्यात माणसावर शिक्का बसतो आणि वाक्य बंद होते. दुसऱ्यात माणूस चतुर्थीत जातो. दिसणे ही त्याच्याकडे येणारी गोष्ट होते. मराठीत पाहणे आणि दिसणे, ऐकणे आणि ऐकू येणे हा भेद सहज केला जातो. ‘येणे’ हे क्रियापद तर फार सूचक आहे. पोहता येते, वाचता येते, चढता येते. जे येते ते वाटेत अडूही शकते. ‘त्याला दिसत नाही’ हे वाक्य अजून अपुरे असल्यासारखे वाटते आणि ऐकणारा विचारतो, काय दिसत नाही? ‘त्याला फळा दिसत नाही.’ ‘तिला जिना चढता येत नाही.’ ‘त्याला फलाटावरची घोषणा ऐकू येत नाही.’ वाक्य पुरे होताच फळा, जिना आणि घोषणा यांची नावे त्यात येतात, आणि नाव आले की उपाय सुचतो. अक्षर मोठे करता येईल, बाक पुढे घेता येईल, उतरण बांधता येईल, घोषणा लेखी दाखविता येईल. विशेषणाने जे दार लावले होते ते क्रियापदाने उघडते.

ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने १९७६ साली हाच विचार सिद्धान्ताच्या रूपाने मांडला. देहातील उणीव ही एक गोष्ट, आणि त्या उणिवेची पर्वा न करता रचलेल्या समाजाकडून होणारी अडचण ही दुसरी, असा भेद तिने केला. मराठीत या दोहोंसाठी ‘अपंगत्व’ हा एकच शब्द वापरला जात असल्यामुळे विचारही एकाच ठिकाणी घोटाळतो. ‘उणीव’ आणि ‘अडवणूक’ हे दोन साधे शब्द भाषेत आहेतच. उणीव अंगात असते. अडवणूक अंगणात होते. भारताच्या २०१६ च्या कायद्यानेही हा भेद मान्य केला आहे. त्याच्या व्याख्येत दीर्घकालीन उणीव एकटी पुरत नाही. अडथळ्यांशी गाठ पडून समाजातील समान सहभागात व्यत्यय आला पाहिजे, असे तीत म्हटले आहे. मथळ्यात दिव्य अंग असले तरी व्याख्येत अंगण आले आहे.

रचनाकाराने क्रियापदांकडे लक्ष दिले तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण जयपूरचे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय घडविला, तो ‘जयपूर फूट’ या नावाने जगभर गेला. पाश्चात्त्य धर्तीचा पाय बूट घालून सपाट जमिनीवर चालणाऱ्यासाठी होता. भारतीय माणसाच्या दिवसाची क्रियापदे वेगळी होती. मांडी घालणे, उकिडवे बसणे, चिखलात उतरणे, वहाण काढून देवळात किंवा स्वयंपाकघरात जाणे. ही आसने ज्या पायाला जमत नाहीत तो पाय घरी टांगून ठेवला जाई. जयपूरचा रबरी पाय अनवाणी चालू शके आणि बसताना वाकू शके. पायाचा आकार तोच राहिला तरी ‘चालणे’ या शब्दाचा अर्थ तेथे विस्तारला होता.

दुसरे उदाहरण खुद्द लिपीचे आहे. भारतीय भाषांसाठी पूर्वी वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालत; १९५१ मध्ये त्या जागी भारती ब्रेल ही एकच व्यवस्था स्वीकारली गेली. देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ या लिपींतील ‘क’ डोळ्यांना चार तऱ्हेने दिसतो. बोटाखाली मात्र तो एकच असतो, पहिला आणि तिसरा ठिपका. ज्या देशात दोन प्रांतांच्या डोळस माणसांना एकमेकांच्या पाट्या वाचता येत नाहीत, तेथे अंध वाचकांना समान अक्षर लाभले. शिवाय ही लिपी उच्चाराच्या क्रमाने चालते. ‘किती’ लिहिताना डोळस मूल पहिली वेलांटी ‘क’च्या अलीकडे काढते, जरी उच्चारात ती नंतर येते, ब्रेलमध्ये आधी ‘क’ आणि मग ‘इ’. अपंगांसाठी केलेली सोय म्हणजे मूळ वस्तूची गरीब नक्कल, ही समजूत येथे टिकत नाही.

कर्णबधिरांची कथा अधिक बोलकी आहे, आणि हे विशेषणही या संदर्भात तपासून वापरावे असे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई आणि कलकत्ता येथे ज्या शाळा निघाल्या त्यांच्या नावांत बधिरांना जोडून ‘मूक’ होतेच. ज्याला ऐकू येत नाही त्याला भाषा नाही, असा त्यामागचा समज. वस्तुतः भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तीत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, आणि चेहऱ्याच्या हालचालींनाही व्याकरणात स्थान असते. २०१५ मध्ये या भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश निघाला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. हातांनी दहा हजार शब्द उच्चारणाऱ्या समाजाला मुका म्हणणे हे ऐकणाऱ्याचे अज्ञान होते.

या अज्ञानाची किंमत न्यायालयात मोजावी लागे. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ११९ वे कलम ‘मुक्या साक्षीदारा’विषयी होते. २०१३ च्या दुरुस्तीने ते शब्द जाऊन ‘तोंडी संवाद साधू न शकणारा साक्षीदार’ आला. तेवढ्यावर दुरुस्ती थांबली नाही. अशा साक्षीदाराचा जबाब घेताना न्यायालयाने दुभाषा किंवा विशेष शिक्षक यांचे साहाय्य घ्यावयाचे आणि जबाबाचे चित्रीकरण करावयाचे, असे बंधन त्याच कलमात आले. विशेषण गेले आणि त्याच्या जागी व्यवस्था आली. शब्दबदल कसा असावा, याचा हा नमुना म्हणता येईल.

व्यवस्थेची भाषा किती काटेकोर असावी लागते, हेही न्यायालयातच दिसून आले. रस्ते, इमारती, वाहने सर्वांना वापरता यावीत म्हणून राजीव रतुरी या दृष्टिबाधित कार्यकर्त्याने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने असे ठरविले की, २०१६ च्या कायद्याची भाषा आज्ञेची असताना त्याखालील एका नियमाने मानकांना केवळ शिफारशीचे रूप दिले, आणि म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत आहे. सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत घालून द्यावीत, असा आदेशही झाला. मराठीत हा पेच नीट कळतो. ‘उतरण बांधावी’ हे विध्यर्थी वाक्य उपदेशही असू शकते आणि हुकूमही. कंत्राटदार ते उपदेश म्हणून वाचतो, पायऱ्यांखाली थबकलेला माणूस हुकूम म्हणून. ‘बांधलीच पाहिजे’ असे लिहिले तर दोघांचे वाचन एक होते.

भारतीय संदर्भात रचनेची तत्त्वे मांडण्याचा एक प्रयत्न २०११ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत झाला. त्या तत्त्वांना पाच देशी नावे दिली गेली: समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता आणि सुंदर. त्यातील ‘सस्ता’ आणि ‘सुंदर’ हे शेजारी ठेवणे अर्थपूर्ण आहे. स्वस्त म्हणजे ओबडधोबड, आणि अपंगांसाठीची सोय म्हणजे मागील दाराने केलेली तडजोड, ही सवय या दोन शब्दांनी एकदम नाकारली.

तरीही मराठी मनाला उतरणीविषयी एक आडनड आहे. भाषेत पायरीला मान आहे. माणसाने आपली पायरी ओळखावी, पायरी सोडू नये. उताराच्या वाट्याला मात्र उतारवय आणि उतरती कळा आली. त्यामुळे सार्वजनिक इमारतीला भव्यता हवी की पायऱ्या चढतात आणि उतरण मागे जाते. गावोगावची ग्रंथालयेही याला अपवाद नाहीत. दारी चार पायऱ्या, वर उंबरठा, आत छातीएवढ्या उंचीचा देवघेवीचा ओटा, आणि सर्वांत वरच्या फळीवर कोश. हिशेब अवघड नाही. पंधरा सेंटिमीटरच्या चार पायऱ्या म्हणजे साठ सेंटिमीटर. बारास एक या मान्य प्रमाणाने तेथे सात मीटर वीस सेंटिमीटर लांबीची उतरण लागेल. तिच्यावरून गुडघे दुखणारे वृद्ध येतील, ग्रंथांचे गठ्ठे घेऊन ढकलगाडी येईल, आणि चाकाची खुर्ची येईल. ‘चाकाची खुर्ची’ हा शब्द कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाच्या नावात ठेवला आहे. ‘खुर्चीला खिळलेली’ या प्रचलित प्रयोगाला त्यातील ‘चाक’ हेच उत्तर आहे. खुर्ची जखडत नाही, नेते. ती कोठवर नेईल, हे पुढच्या जमिनीने ठरते.

उतरण झाली, ओटा खाली आला, शेल्फात ब्रेल ग्रंथ आणि ध्वनिमुद्रित पुस्तके आली, म्हणजे आत येणाऱ्या माणसाला काय म्हणावे हा वाद तेथे आपोआप मिटतो. अपंग, विकलांग, दिव्यांग यांतले काहीच नोंदवहीत लिहावे लागत नाही. ग्रंथालयात येणाऱ्यासाठी मराठीत एक शब्द आधीपासूनच आहे, आणि तो बोटांनी, कानांनी किंवा डोळ्यांनी वाचणाऱ्या कोणालाही सारखाच लागू पडतो: वाचक.